आनुवंशिक न्यूरोपथीत नसांची सोनोग्राफी: नाशिक परिसरात नव्याने काम सुरू करणाऱ्या डॉक्टरांसाठी

पोटऱ्या बारीक, पावलाची कमान उंच, पायाची बोटं आखडलेली, चालताना पाऊल आपटतं आणि चप्पल पायात टिकत नाही. अशा रुग्णाला पाहून शार्को-मारी-टूथ हा नसांचा आनुवंशिक आजार, म्हणजे सीएमटी, आठवायला हवा. १८८६ मध्ये वर्णन झालेला हा आजार दुर्मिळ म्हणून सोडून दिला जातो. पण परदेशातल्या पाहण्यांमध्ये तो साधारण २५०० माणसांत एकाला सापडला आहे. २०११ च्या जनगणनेत नाशिक शहराची लोकसंख्या १४ लाख ८६ हजारांच्या घरात होती. तोच दर इथे धरला, तर एकट्या शहरात सहाशेच्या आसपास रुग्ण निघतील. यातल्या बऱ्याच जणांच्या फायलीवर ‘पोलिओ’, ‘कमरेची नस दबली’ किंवा ‘व्हिटॅमिनची कमतरता’ असं काहीतरी लिहिलेलं असतं.

नसांच्या सोनोग्राफीने जनुक कळत नाही. कळतं ते इतकंच: नस जाड आहे का, कुठे जाड आहे, आणि ती जाडी सलग आहे की तुकड्यातुकड्यांत. या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात मोलाचं आहे. नवशिके मनगटावर एक माप घेतात आणि थांबतात. तो आकडा एकटा जवळजवळ काहीच सांगत नाही.

प्रोब हातात घेण्याआधी

आधी तीन पिढ्यांची वंशावळ कागदावर काढा. “घरात कुणाला आहे का?” असं विचारलं की उत्तर “नाही” असंच येतं. त्याऐवजी “आजोबांचे पाय कसे होते? आत्याला चालताना काठी लागते का? काकांना बूट मिळायला त्रास होतो का?” असं विचारा. आई-वडील नात्यातले आहेत का, हेही विचारा. मामाच्या मुलीशी लग्न आपल्याकडे अनेक समाजांत रीतीचं आहे, त्यामुळे प्रश्नात आरोपाचा सूर नको. नात्यातलं लग्न असेल तर अप्रभावी वारशाने येणारे प्रकारही यादीत धरावे लागतात, आणि मग मागच्या पिढीत कुणालाच काही नसू शकतं.

बरोबर आलेल्या नातेवाइकाचे पाय तिथेच पाहून घ्या. ‘मला काही नाही’ म्हणणाऱ्या वडिलांना टाचांवर चालायला सांगितलं की कधी कधी अर्धं निदान तिथेच होतं.

नर्व्ह कंडक्शन, म्हणजे झटका देऊन नसेतला वेग मोजणारी तपासणी, आधी झालेलं असेल तर उत्तम. प्रौढांत मीडियन नसेचा मोटर वेग सेकंदाला ३८ मीटरच्या खाली असेल तर आजार मायलिनचा, म्हणजे सीएमटी १ च्या गटातला. त्याच्या वर असेल तर अ‍ॅक्सॉनचा, सीएमटी २ च्या गटातला. २५ ते ४५ च्या मधल्या पट्ट्यात सीएमटीएक्स १, म्हणजे एक्स गुणसूत्रावरचा प्रकार, हमखास आठवावा. नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीत सकाळी दुचाकीवरून आलेल्या माणसाचे हात बर्फासारखे असतात आणि गार हातात वेग खोटा कमी येतो. हाताची त्वचा किमान ३२ अंशांवर आल्याशिवाय कंडक्शन करू नये. नसेच्या जाडीवर थंडीचा असा परिणाम होत नाही, पण डॉप्लरवर, म्हणजे रक्तप्रवाहाच्या चित्रावर, होतो. म्हणून सोनोग्राफीलाही हात ऊबदारच असावा आणि जेलची बाटली कोमट पाण्यात ठेवलेली असावी.

यंत्र आणि नोंदणी

लिनियर प्रोब हवा, किमान १२ मेगाहर्ट्झचा. १५ ते १८ असेल तर हातातल्या नसांचे गठ्ठे, म्हणजे फॅसिकल, नीट दिसतात. मांडीतली सायॅटिक नस खोल असते, तिथे ९ पर्यंत उतरावं लागतं. कोपराच्या खाचेत आणि घोट्याच्या मागे हॉकी स्टिक आकाराचा छोटा प्रोब सोयीचा पडतो, पण तो नाही म्हणून काम अडत नाही.

मस्क्युलोस्केलेटल किंवा नर्व्ह प्रीसेट लावा. खोली मनगटाला दोन ते अडीच सेंटीमीटर, दंडाला तीन-चार. फोकस नसेच्या पातळीवर. गेन इतकाच ठेवा की नसेभोवतीची पांढरी कड आणि आतला काळसर भाग वेगळे दिसतील. गेन वाढवला की कड पसरते आणि माप बिघडतं. एकदा ठरवलेलं सेटिंग सगळ्या रुग्णांना तेच ठेवा. नाहीतर नस काळी दिसते की राखाडी, या निरीक्षणाला अर्थ उरत नाही.

कायद्याची बाजू नवीन लोक हमखास विसरतात. ‘आम्ही फक्त हात-पाय पाहतो, गरोदर बाई येतच नाही’ हे कारण चालत नाही. गर्भलिंग निदान प्रतिबंधक कायद्याखाली सोनोग्राफी यंत्राची, जागेची आणि ते वापरणाऱ्या पात्र डॉक्टरची नोंदणी लागतेच. महापालिका हद्दीत ती महापालिकेकडे होते, ग्रामीण भागात जिल्हा शल्यचिकित्सकांकडे. हातात मावणारं पोर्टेबल यंत्रही त्यात येतं आणि ते नोंदलेल्या जागेबाहेर मनाला येईल तसं नेता येत नाही. म्हणजे सुरगाणा, पेठ किंवा कळवणच्या पाड्यावर शिबिर लावून घरातल्या दहा जणांच्या नसा पाहू, हा बेत कितीही चांगला वाटला तरी डोक्यातून काढा. कुटुंबाला नाशिकला बोलवा आणि सगळ्यांना एकाच दिवशी बोलवा. एसटीने सीबीएसला उतरून येणाऱ्या माणसाची मजुरी बुडते. त्याला तपासणी, कंडक्शन आणि सोनोग्राफी अशा तीन तारखा दिल्या तर तिसऱ्या तारखेला तो येणार नाही.

पहिल्या रुग्णाआधी आणखी एक काम उरकायचं. आपल्याच यंत्रावर, आपल्याच हाताने, वीस-तीस निरोगी माणसांच्या नसा मोजा. स्टाफ, त्यांचे नातेवाईक, वेगवेगळ्या वयाचे, उंच-बुटके, सडपातळ-स्थूल. त्यातल्या पाच-सहा जणांची मापं आठवड्याने मागचे आकडे न पाहता पुन्हा घ्या. फरक एक-दीड चौरस मिलीमीटरपेक्षा जास्त येत असेल तर हात अजून बसलेला नाही.

नस शोधायची आणि तिच्या मागे जायचं

रुग्णाला उताणं झोपवा, हात शरीरापासून थोडा लांब, तळवा वर. प्रोब आडवा धरा, म्हणजे नसेचा आडवा छेद दिसेल. सुरुवात नेहमी मीडियन नसेपासून, मनगटाच्या तळहाताकडच्या आडव्या रेघेवर. निरोगी नस इथे मधाच्या पोळ्यासारखी दिसते: पांढऱ्या जाळीत काळे ठिपके. शेजारी स्नायूबंध असतात आणि पहिल्यांदा पाहणारा त्यांनाच नस समजतो. प्रोब जरासा पुढे-मागे कलवा. स्नायूबंध एकदम काळे पडतात, नस फारशी बदलत नाही. बोटं हलवायला सांगितली की स्नायूबंध सरकन धावतात, नस आळसावल्यासारखी मागे राहते.

इथून प्रोब न उचलता वर सरका. मधल्या हातात (मनगट आणि कोपर यांच्या मध्यावर) मीडियन नस बोटं वळवणाऱ्या वरच्या आणि खालच्या स्नायूंच्या मधल्या फटीत असते. कोपरापाशी ती प्रोनेटर टेरीस स्नायूतून वर येते आणि दंडात ब्रेकियल धमनीला चिकटून चालते. मापं तीन ठिकाणी: मनगट, मधला हात, दंडाचा मध्य. पण नजर पूर्ण वाटेवर हवी. या तीन ठिकाणांच्या मध्येच कुठेतरी नस फुगलेली असली आणि तुम्ही प्रोब उचलून उड्या मारत गेलात, तर नेमकं तेच सुटतं.

अल्नर नस मनगटाला अल्नर धमनीच्या करंगळीकडच्या बाजूला सापडते. वर जाताना मधल्या हातात धमनी तिची साथ सोडते. तिथे खूण करा, ते मापाचं ठिकाण. कोपराला मीडियल एपिकाँडाइल आणि ओलेक्रेनॉन यांच्या खाचेत माप घ्या, आणि कोपर किती वाकवला होता ते लिहून ठेवा. सरळ कोपर आणि ९० अंश वाकवलेला कोपर यांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहू नयेत. कोपर वाकवताना काही निरोगी माणसांचीही नस हाडावरून पुढे घसरते. ते आजाराचं लक्षण नव्हे. मग एपिकाँडाइलच्या वर किमान दहा सेंटीमीटर जा. ही वरची दहा सेंटीमीटर का महत्त्वाची, ते कुष्ठरोगाच्या भागात सांगितलं आहे.

पायाला कुशीवर वळवा. गुडघ्यामागे बायसेप्स फिमोरिसच्या स्नायूबंधाजवळ कॉमन पेरोनिअल नस पकडा आणि फिब्युलाच्या मानेपर्यंत खाली या. टिबियल नस घोट्याच्या आतल्या बाजूला, पोस्टीरिअर टिबियल धमनीच्या मागे. सुरल नस पोटरीच्या खालच्या भागात छोट्या सॅफेनस शिरेला लागून असते. ही नस इतकी बारीक की प्रोबच्या वजनानेही चपटी होते आणि शीर तर पार मिटून जाते. भरपूर जेल घ्या, प्रोब जेलवर तरंगू द्या.

शेवटी मान. इथे घाई करणारे बरेच असतात. अँटीरिअर आणि मिडल स्केलीन स्नायूंच्या मध्ये सी ५, सी ६, सी ७ ही मुळं एकाखाली एक काळ्या गोलांसारखी दिसतात. कुठलं मूळ कुठलं, हे मणक्याच्या आडव्या हाडावरून ठरवा. सी ६ ला पुढचा उंचवटा ठळक असतो, सी ७ ला पुढचा उंचवटाच नसतो. कलर डॉप्लर लावल्याशिवाय मानेतल्या एकाही काळ्या गोलाचं माप घेऊ नये. व्हर्टेब्रल धमनी सी ७ च्या जवळच असते आणि काळी-गोलच दिसते.

दोन्ही हात, एक पाय आणि एका बाजूची मान, याला सवय झाल्यावर चाळीस-पंचेचाळीस मिनिटं लागतात. वेळ कमीच असेल तर पाय सोडा, पण मीडियन आणि अल्नरची पूर्ण वाट आणि मान सोडू नका. सीएमटीची लक्षणं पायात जास्त, तरी सोनोग्राफीचं उत्तर बहुधा हातात मिळतं. पायाच्या नसा आधीच झिजलेल्या असतात, पावलं सुजलेली असतात आणि चित्र खराब येतं.

माप घेताना काय बिघडतं

आडव्या छेदाचं क्षेत्रफळ चौरस मिलीमीटरमध्ये मोजायचं. ट्रेस पांढऱ्या कडेच्या आतल्या बाजूने फिरवा. नस साधारण ३ मिलीमीटर व्यासाची असेल तर क्षेत्रफळ ७ येतं. चारही बाजूंनी फक्त ०.३ मिलीमीटर बाहेरून ट्रेस केला तर तेच १० होतं. म्हणजे निरोगी माणूस कागदावर आजारी.

दुसरी चूक प्रोब तिरका धरण्याची. नसेला काटकोनात छेद गेला नाही की गोल लांबट होतो. २० अंशांचा कल असेल तर आकडा सहा टक्के वाढतो, ३० अंशांना पंधरा टक्के, ४५ ला चाळीसच्या वर. कोपरापाशी नस वळण घेते, म्हणून ही चूक तिथेच सर्वांत जास्त होते. प्रोब हळूहळू कलवत जा. ज्या कोनात क्षेत्रफळ सर्वांत लहान आणि कड सर्वांत ठळक, तोच खरा कोन.

दाब दिल्याने नस चपटी होते आणि कड हरवते. काहींच्या मनगटात मीडियन नस दोन फाट्यांत असते. दोन्ही फाटे वेगळे मोजून बेरीज करा. मध्ये जास्तीची धमनी असेल तर ती ट्रेसमध्ये घेऊ नका. प्रत्येक ठिकाणी तीन मापं आणि त्यांची सरासरी. दोन मापं जवळ आणि तिसरं लांब असेल तर सरासरी काढण्याऐवजी पुन्हा मोजा.

आकडे

प्रौढांसाठी सुरुवातीला हे अंदाज हाताशी ठेवा, पुढे आपले स्वतःचे वापरा. मीडियन मनगटाला १० ते १२ पर्यंत, मधल्या हातात १० पर्यंत, दंडात १३ पर्यंत. अल्नर मधल्या हातात ८ च्या आसपासपर्यंत, कोपराला ९-१० पर्यंत. सुरल साधारण ५ च्या आत. कॉमन पेरोनिअल आणि टिबियलचे आकडे यंत्रागणिक आणि माणसागणिक इतके बदलतात की तिथे स्वतःच्या निरोगी लोकांशीच तुलना करावी. वजन आणि वय वाढलं की आकडे थोडे वाढतात. त्यामुळे उंची-वजन न लिहिलेला रिपोर्ट अर्धवट समजावा.

मधल्या हातात १०, दंडात १३ आणि मानेच्या मुळांना १२ या मर्यादा २०२१ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांत सीआयडीपीसाठी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या बिघाडाने मायलिन झिजवणाऱ्या, आनुवंशिक नसलेल्या न्यूरोपथीसाठी, दिलेल्या आहेत. गोंधळ इथूनच सुरू होतो. सीएमटीचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार, सीएमटी १ ए, त्याचा जवळपास प्रत्येक प्रौढ रुग्ण या मर्यादा ओलांडतो. नुसता आकडा पाहून ‘सीआयडीपीला अनुकूल’ लिहिलं की रुग्णाला इम्युनोग्लोब्युलिन सुरू होतं, कुटुंबाचे काही लाख जातात आणि फरक शून्य.

आकड्यांपेक्षा नकाशा वाचा

पुढचे चारही दाखले समजावण्यासाठी रचलेले आहेत, पण अशी चित्रं भेटतील.

पहिला: एकोणीस वर्षांची मुलगी, पायांची ताकद कमी, आईचेही पाय तसेच. मीडियन मनगटाला १८, मधल्या हातात २१, दंडात २४. अल्नरही सगळीकडे दुप्पट-तिप्पट. डाव्या-उजव्यात फारसा फरक नाही. आतले फॅसिकल एकेक करून मोठे झालेले आणि काळसर. डॉप्लरवर रक्तप्रवाह नाही. ही सलग, सारखी, सर्वदूर जाडी म्हणजे सीएमटी १ ए. यात १७ व्या गुणसूत्रावरच्या पीएमपी२२ जनुकाची एक प्रत जास्त असते. हे कारण १९९१ मध्ये सापडलं. मनगट आणि मधला हात यांचं गुणोत्तर काढून पाहा: १८ भागिले २१, म्हणजे एकाच्याही खाली.

दुसरा: पिंपळगाव बसवंतच्या बागेत ऑक्टोबरची गोडी छाटणी, मग विरळणी, पुन्हा एप्रिलची खरड छाटणी करणारा मजूर. दिवसभर हातात कात्री, रात्री मुंग्यांनी झोपमोड. मनगटाला १६, मधल्या हातात ७, गुणोत्तर २.३. अल्नर सगळीकडे ठीक. हा साधा कार्पल टनेल. १.४ च्या वरचं गुणोत्तर त्याच बाजूने बोलतं. इथे आनुवंशिक आजार शोधत बसू नये.

तिसरा: कांदा काढणीच्या हंगामात दोन दिवस उकिडवं बसून काम केल्यावर एक पाऊल लुळं पडलेला पस्तिशीतला माणूस. उकिडवं बसल्याने फिब्युलाच्या मानेवर पेरोनिअल नस दबते, हे कुणाचंही होऊ शकतं आणि बहुतेकांचं आपोआप सुटतंही. पण याची पेरोनिअल फिब्युलापाशी २२, आणि तक्रार नसलेल्या हातांत दोन्ही मनगटं १५ आणि दोन्ही कोपर १४. मधल्या हातात मात्र ७. म्हणजे जिथे जिथे नस नैसर्गिक अडचणीतून जाते, तिथे तिथेच फुगलेली. आता विचार एचएनपीपीचा, दाब सहन न होणाऱ्या आनुवंशिक न्यूरोपथीचा. पीएमपी२२ ची एक प्रत इथे कमी असते. म्हणूनच एका जागेच्या दुखण्यासाठी आलेल्या तरुण रुग्णातही उरलेल्या तीन-चार अडचणीच्या जागा पाहून घ्याव्यात. दहा मिनिटं लागतात.

चौथा: तीन महिन्यांत वाढत गेलेली दोन्ही हातांची आणि दोन्ही पायांची कमजोरी. मीडियन मनगटाला ९, मधल्या हातात ८, दंडात एका ठिकाणी २६ आणि त्याच्याच चार सेंटीमीटर वर पुन्हा ११. मानेत सी ६ फुगलेलं, सी ५ ठीक. डावी-उजवी बाजू जुळत नाही. अशी तुकड्यातुकड्यांची, मुळांकडे झुकणारी जाडी सीआयडीपीची. एकाच नसेतल्या सर्वांत जाड भागाला सर्वांत बारीक भागाने भागलं की हा फरक आकड्यात पकडता येतो. इथे २६ भागिले ८, तीनच्या वर. पहिल्या मुलीत तोच आकडा १.३.

अर्थात सगळे रुग्ण असे समजूतदार नसतात. सीएमटी २ मध्ये नसा प्राकृत किंवा किंचित जाड असतात. सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून सीएमटी नाही, असं कधीही लिहू नका. सीएमटीएक्स १ मध्ये जाडी मध्यमच असते आणि कंडक्शन काही वेळा असमान येतं, त्यामुळे तो सीआयडीपीच्या वेशात फिरतो. वडिलांकडून मुलाकडे आजार गेलेला दिसला तर मात्र एक्स गुणसूत्रावरचा प्रकार बाद. पन्नाशीनंतर दोन्ही मनगटांत कार्पल टनेल, वजन घटलेलं, उभं राहताना चक्कर आणि हृदयाची तक्रार असेल तर टीटीआर जनुकाचा अमायलॉइड आठवा. तोही आनुवंशिक, आणि त्यावर उपचार आहेत.

कुष्ठरोग आधी बाजूला काढा

परदेशी पुस्तकांत हा भाग दोन ओळींत आटोपतो. आपल्याकडे तसं करून चालणार नाही. देशपातळीवर कुष्ठरोगाचं प्रमाण २००५ च्या अखेरीस दहा हजारांत एकापेक्षा खाली आल्याचं जाहीर झालं, पण आजार गेला नाही. नवे रुग्ण आजही सापडतात, महाराष्ट्रातही.

कुष्ठरोगात अल्नर नस एपिकाँडाइलच्या खाचेत नव्हे, तर तिच्या दोन-चार सेंटीमीटर वर सर्वांत जाड असते. कोपराला १२ आणि जरा वर ३२, असं चित्र येतं आणि खाली मनगटाला नस पुन्हा ६. म्हणून वरची दहा सेंटीमीटर पाहायलाच हवीत. एक बाजू जास्त, दुसरी कमी. आतली फॅसिकलची रचना पुसली गेलेली. आणि डॉप्लरवर नसेच्या आत रक्तप्रवाह दिसला तर रिअ‍ॅक्शन, म्हणजे नसेला अचानक आलेली सूज, चालू असण्याची शक्यता मोठी. त्या दिवशीच उपचाराची सोय करा, उशीर झाला तर हात कायमचा जातो. हा प्रवाह पकडण्यासाठी डॉप्लरचा पीआरएफ (वेगाची पट्टी ठरवणारं सेटिंग) १ किलोहर्ट्झच्या खाली आणि वॉल फिल्टर सर्वांत कमी ठेवा. जोरात दाबलं तर प्रवाह दिसणारच नाही.

इथे एक सापळा आहे. ‘घरात दोघांना आहे म्हणजे आनुवंशिकच’ हे गणित कुष्ठरोगात चुकतं, कारण एका छपराखाली राहणाऱ्यांना तो होऊ शकतो. त्यामुळे कपडे काढून पूर्ण त्वचा पाहा, बधिर चट्टा शोधा, कानामागची ग्रेट ऑरिक्युलर नस हाताने चाचपा. सीएमटी १ ए मध्येही ती जाड लागू शकते, पण बधिर चट्टा सीएमटीत नसतो. संशय असेल तर जनुकीय तपासणीचे हजारो रुपये खर्च करण्याआधी त्वचेची तपासणी. कुष्ठरोगाची औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात.

लहान मुलं, आणि घरातले निरोगी लोक

कंडक्शनच्या झटक्यांना घाबरणाऱ्या मुलांसाठी सोनोग्राफी फार सोयीची. सीएमटी १ ए मध्ये नसा लहानपणापासूनच जाड असतात. मूल आईच्या मांडीवर बसलेलं चालेल, मीडियनची एकच पूर्ण वाट पाहिली तरी पुष्कळ. पण वरचे प्रौढांचे आकडे मुलांना लावू नका. नस वयाबरोबर वाढते. सहा वर्षांच्या मुलाच्या मधल्या हातातलं ९ हे प्रौढाच्या ९ सारखं नाही.

घरातल्या लक्षणं नसलेल्या भावंडाला मात्र ‘आलाच आहेस तर बघून घेऊ’ म्हणून टेबलावर घेऊ नका. पीएमपी२२ सिद्ध झालेल्या घरात सर्वदूर जाड नसा दिसणं म्हणजे जनुकीय तपासणीचा निकाल सांगितल्यासारखंच आहे. मूल अल्पवयीन असेल, मुलगी लग्नाची असेल, तर त्या एका चित्राचे परिणाम खोलीबाहेर फार लांब जातात. रक्ताच्या तपासणीला जी समजावणी आणि लेखी संमती लागते, तीच इथेही घ्या. आणि नातेवाइकांनी भरलेल्या खोलीत निकाल बोलू नका.

रिपोर्ट आणि पुढची वाट

रिपोर्टमध्ये यंत्र, प्रोबची फ्रिक्वेन्सी, कोपराची स्थिती, वय-उंची-वजन, मग प्रत्येक ठिकाणचं दोन्ही बाजूंचं क्षेत्रफळ, फॅसिकलचं वर्णन, डॉप्लर, मनगट-मधला हात गुणोत्तर. निष्कर्षात निदानाचं नाव ठोकण्याऐवजी चित्र लिहा. उदाहरणार्थ: ‘दोन्ही हातांतल्या मीडियन व अल्नर नसा आणि मानेची मुळं सर्वदूर, समान जाड, फॅसिकल मोठे, रक्तप्रवाह नाही. मायलिनच्या आनुवंशिक न्यूरोपथीशी जुळणारं चित्र. पीएमपी२२ ची एमएलपीए तपासणी सुचवतो.’

एमएलपीएचा उल्लेख आवर्जून करा. सर्वदूर जाडी किंवा फक्त अडचणीच्या जागी जाडी, या दोन्ही चित्रांत प्रतींची संख्या मोजणारी ही तपासणी आधी करायची. अनेक जण थेट मोठं जनुक-पॅनेल मागवतात. ते पॅनेल प्रतींची संख्या मोजणारं नसेल तर सर्वांत जास्त आढळणारा दोषच त्यातून निसटतो, अहवाल ‘निगेटिव्ह’ येतो आणि कुटुंब पुन्हा दारोदार. रक्त ईडीटीएच्या जांभळ्या झाकणाच्या नळीत घ्यायचं. एमएलपीए निगेटिव्ह आली किंवा नसा जाड नसल्या, तर मग पॅनेल.

निदान पक्कं झालं की रुग्णाच्या कागदावर ठळक अक्षरांत एक ओळ लिहून द्या: व्हिन्क्रिस्टीन टाळावं. कर्करोगाचं हे औषध सीएमटी १ ए च्या रुग्णाला काही डोसांत अंथरुणाला खिळवू शकतं. चालण्याला मदत म्हणून घोट्याचे स्प्लिंट आणि फिजिओथेरपी लगेच सुरू करता येते. चालण्या-फिरण्यातली अडचण पुरेशी असेल तर दिव्यांग प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयाची वाट दाखवा.

सोनोग्राफी दरवर्षी करायची गरज नाही. सीएमटीत नसेची जाडी आणि हातापायांची ताकद एकत्र चालत नाहीत, त्यामुळे आजार किती वाढला हे तिच्यावरून कळत नाही. पुन्हा करायची ती चित्र अचानक बदललं तर. वर्षानुवर्षं हळू चाललेल्या सीएमटीत काही आठवड्यांत ताकद घसरली, तर वरून सीआयडीपी जडला आहे का हे पाहायला जुनी मापं आणि जुनी चित्रं हाताशी लागतात. म्हणून पहिल्या दिवसाची चित्रं, ठिकाणांच्या नावांसह, यंत्राच्या मेमरीवर विसंबून न राहता वेगळी साठवा.